रंबुटानचा मोहर

बाबांच्या दहाव्याला सावित्री नदीच्या काठावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या उंबरावर चार बसून आमच्याकडे बघत होते.

"हरीमास्तरांचं काय राहिलं असेल ते बोला," गुरुजी म्हणाले.

मी बाबांच्या वह्या नीट सांभाळीन म्हटलं. माझा धाकटा भाऊ वरद म्हणाला, "ताईला अंतर देणार नाही." कावळ्यांचा विश्वास बसला नाही.

साडेबारा वाजले. शेवटी पोलादपूरच्या आमच्या बागेत काम करणारे कुशाबा मागून म्हणाले, "मास्तरांचा जीव त्या केसाळ फळात हाय. त्याचं बोला."

केसाळ फळ म्हणजे रंबुटान. नऊ वर्षांपूर्वी बाबांनी केरळात ते खाल्लं आणि बिया ओल्या रुमालात गुंडाळून आणल्या, कारण ती बी वाळली की मरते. अकरांतून एक रोप जगलं. उन्हाळ्यात दोन दिवस येऊन त्याला पाणी घाल, असं ते वरदला दरवर्षी सांगत. वरदला पुण्याहून कधी जमलं नाही.

आता भुकेने कासावीस झालेला वरद हात जोडून मोठ्याने म्हणाला, "बाबा, रंबुटानला फळ धरेपर्यंत बाग विकणार नाही!"

बाग विकायची आहे, हे मला तिथे कळलं. कावळा लगेच उतरला.

गिऱ्हाईक तयार होतं, त्याला फार्महाउस बांधायचं होतं. पण कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडायची वरदची छाती नव्हती. मग तो दर पंधरवड्याला बागेत येऊ लागला. शेणखत आणलं. पानांचे फोटो कुणाकुणा तज्ज्ञांना पाठवले. सकाळी सातला मला फोन, "ताई, पानाचं टोक करपतंय गं!"

कुशाबा म्हणाले, "मास्तर आधीच गेले असते, तर झाड आज दुप्पट असतं."

बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

मला बाग विकायची नव्हती. वरदला पटेल असं कारण माझ्याकडे नव्हतं. फळ धरलं की मलाही सही करावी लागणार होती.

फेब्रुवारीत मोहर आला. वरद पेढे घेऊन हजर. मी महाडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. भिंग घेऊन गेले. फुलामागून फूल पाहिलं. पुंकेसर भरपूर. ज्याचं फळ होतं तो अंडाशय मात्र एकाही फुलात धड नव्हता. बियांपासून वाढवलेल्या रंबुटानांत निम्मी झाडं नर निघतात. हे नर होतं. त्याला फळ कधीच धरणार नव्हतं.

ही शक्यता बाबांना मीच सांगितली होती. "बघू," म्हणाले होते.

उपाय होता. मादी झाडाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला अंकुर, आणून याच्या फांदीत भरला, तर दोन-तीन वर्षांत फळ मिळतं. डोळा भरायला मला बाबांनीच शिकवलं होतं.

"काय गं? ठीक आहे ना?" वरदने विचारलं.

"निरोगी आहे."

"मग फळ?"

"रंबुटानला घाई चालत नाही."

"पुढच्या वर्षी?"

"पाणी चुकवू नकोस," मी म्हटलं.

तो लगेच उकिडवा बसला आणि आळ्यातली वाळकी पानं वेचू लागला. मी भिंग मिटून पर्समध्ये ठेवलं.