चव बघणारी

आमच्या ह्यांना बेकरीत सगळे नक्षीवाले म्हणतात. केकवर क्रीमचा गुलाब काढावा तर ह्यांनीच. पण क्रीम फेटताना बोट घालून चाटायची सवय अगदी हाडीमाशी खिळलेली. चव बघितल्याशिवाय ह्यांचा हात पुढे चालायचाच नाही.

रक्तातली साखर चढली, डावा डोळा धूसर झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तंबी दिली, "गोड बंद. नाहीतर उजव्याचीही हमी नाही." घरी येऊन हे भिंतीकडे तोंड करून पडले. म्हणाले, "डोळे गेले तर मी कोण गं?" मी रडले असते तर हे आणखी खचले असते. उठले, साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला आणि म्हटलं, "आजपासून मीही सोडली. होऊन जाऊ दे!"

तेव्हा कुठे हे हसले.

चव बघायला मग मी बेकरीत जायला लागले. चमच्याच्या टोकावर क्रीम घ्यायची, "अजून हवी" किंवा "बास आता" सांगायची आणि चूळ भरून टाकायची. घरी बिनसाखरेच्या चहाला हे तोंड वाकडं करायचे, मी त्याहून वाकडं करायचे. तलफ आली की विचारायचे, "तू कशी राहतेस गं?" मी म्हणायचे, "तुमच्या नावाने बोटं मोडत!"

सगळं सुरळीत चाललं होतं आणि गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. केक सपक लागतो म्हणे. मालक म्हणाले, "वहिनी, साखर काय तुमच्या माहेरून येते?" अस्सा राग आला! पण घरी येऊन विचार केला तेव्हा उलगडा झाला. साखर सोडल्यापासून मला साधं दूधसुद्धा गोड लागत होतं. मी "बास" म्हणायचे तिथे लोकांचं गोड सुरूही होत नव्हतं. मालकांनी ह्यांना बजावलं, "यापुढे तुम्हीच चाखा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

"थोडे दिवस द्या, मी बघते काय ते," मी म्हटलं, आणि चोरून साखर खायला लागले. सुधारलेली जीभ पुन्हा बिघडवायची तर दुसरा उपाय काय? ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "तू नको, मीच चाखतो" म्हणाले असते. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून साखर घातलेला चहा प्यायचे. मळमळायचं, तरी रेटायचे. केक गोड झाले, मालकांची भाषाही गोड झाली. जिंकलो, असं वाटलं मला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "नक्षीवाले, काय खाताय?" ह्यांनी मान खाली घातली. रस्त्यात माझा तोंडाचा पट्टा सुटला. "सगळ्यावर पाणी फिरवलंत! काही वाटलं नाही तुम्हाला?"

हे थांबले. "तुला दाराआड चहात साखर घालताना बघितलं मी," म्हणाले. "रागावलो नाही गं. वाटलं, दमली बिचारी. तुझ्याकडे बघूनच तर राहत होतो मी. मग एकट्याला नाही जमलं."

मी तिथेच फुटपाथच्या कडेला बसले आणि सगळं सांगून टाकलं. ह्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं वेडे, बोलायचं नाही का?"

"आणि तुम्ही? विचारायला तोंड नव्हतं?"

येणारेजाणारे बघत होते. बघेनात का. आम्ही दोघं रडलो.

हे आता पुन्हा साखरेशिवाय राहतात. मी खाते, उघड, ह्यांच्यासमोर, कारण पोटापाण्याला माझी जीभ लागते. मी कप उचलला की हे खिडकीबाहेर बघत बसतात. आणि एवढं करून उजव्या डोळ्याने काही ऐकलं नाही, तोही धूसर होत चालला.

काल हे एका मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर नाव लिहीत होते. शेवटची अक्षरं घसरून पार कडेला गेली.

"सरळ आलंय ना गं?"

"अगदी सरळ," मी म्हटलं.

हे खूश होऊन हात धुवायला गेले. मी सुरीने अक्षरं खरवडली, क्रीमची पिशवी उचलली आणि हे परत यायच्या आत, त्यांच्यासारखं वळण काढत, ते नाव पुन्हा लिहायला घेतलं.