शंखाला भिणारा धूर

शंख वाजला आणि धुराला भगदाड पडलं. मीना नदीच्या काठावर जमलेल्या सगळ्या बायाबापड्यांनी एकदम हात जोडले. इतका वेळ समोरचा बांध दिसत नव्हता. आता चिंचेचा शेंडा दिसला, मग पलीकडचा ऊस, मग निळं आभाळ. टेकाडावर उभे असलेले धूम्रनाथ महाराज दाढीवर ओघळलेली थुंकी पुसत गरजले, "देखा? भागी हडळ! बोलो, जयजयकार!"

"लई पावर हाय राव बाबात," माझ्या शेजारचा जानकू डोळे पुसत म्हणाला. ते भक्तीनं भरले होते की धुरानं, कोण जाणे.

मला शिसारी आली. वारूळवाडीत माझं औषधांचं दुकान होतं, आणि हा धूर कुठून येतो हे मला रोज दिसत होतं. नदीकाठी गेणभाऊंच्या वीटभट्ट्या होत्या. भट्टीत ते जुने टायर, फाटक्या चपला, प्लॅस्टिक, हाताला लागेल ते जाळायचे. थंडी पडली की सकाळी गावावर काळपट, जळक्या रबराच्या वासाचा धूर बसून राहायचा. पोरं खोकायची, म्हाताऱ्यांची छाती भरायची. १९९९ सालच्या दिवाळीनंतर ग्रामसभेत बायकांनी पहिल्यांदाच आवाज काढला, भट्ट्या हलवा म्हणून. आणि लगोलग गेणभाऊंच्या मळ्यातल्या खोलीत हे महाराज येऊन उतरले.

"ह्यो भट्टीचा धूर न्हाईच," महाराजांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "नदीत बुडाल्याली बाळंतीण हाय. तिचा उसासा हाय ह्यो!"

झालं. भट्ट्यांचं नावच बंद झालं. रोज सकाळी महाराज टेकाडावर चढत, मंत्र पुटपुटत, शंख फुंकत, आणि धूर फाटे. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं कोण नाकारणार?

जानकूची बायको रोहिणी दम्याची. थंडीत ती माझ्याकडून औषधाचा पंप न्यायची आणि त्याच्या जोरावर शिवणयंत्र चालवायची, घर चालवायची. तिची सासू तुकाबाई मनानं वाईट नव्हती. सुनेचा दम कायमचा जावा म्हणूनच ती तिला महाराजांकडे घेऊन गेली. महाराजांनी पंप हातात घेऊन वास घेतला आणि सरळ धुनीत टाकला. "ये यंत्र हवा का रास्ता रोकता है, माई! रोज धुनीपाशी बसव हिला. धूरच धुराला खाईल."

मी तुकाबाईला रस्त्यातच गाठलं. "आवो, दम्याच्या माणसाला धुरात बसवायचं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचं."

"पंप खपंना म्हून कळ लागली व्हय, भाऊ?" तुकाबाई म्हणाली. रोहिणी मान खाली घालून उभी होती. तिच्या श्वासाची शीळ मला ऐकू येत होती.

हायस्कूलच्या भूगोलाच्या इंद्रायणीबाईही रोज गर्दीत यायच्या. मागे, शाल पांघरून उभ्या राहायच्या. लोक धुराकडे बघत, बाई महाराजांकडे. एकदा त्या मला म्हणाल्या, "महाराजांचा मंत्र रबराचा आहे. ऊन लवकर वर आलं की आखडतो, उशिरा आलं की ताणतो. आणि त्यांचे डोळे मिटलेले नसतात. चिंचेचा शेंडा वाऱ्यानं हलला, धूर ढवळायला लागला, की मगच शंख तोंडाला जातो."

पौषात एके दिवशी आभाळ भरून आलं. ऊन नाही, वारा नाही. महाराजांचा मंत्र संपेचना. शेवटी शंख फुंकला. धूर हलला नाही. पुन्हा फुंकला. गालफडं लाल झाली, मानेच्या शिरा तटतटल्या, पण धूर जागचा हलेना. लोक कुजबुजू लागले तसे महाराज भडकले. त्यांची नजर धुनीपाशी वाकून बसलेल्या रोहिणीवर गेली.

"हिचा विटाळ झालाय! हिच्यामुळं हडळ हटंना! सरकवा हिला धुनीजवळ, जळू दे पाप!"

आणि लोकांनी तिला सरकवली. तिच्या नवऱ्यानंही हात लावला. रोहिणीचे ओठ निळे पडले. तिला बोलता येईना, नुसती हातानं माती ओरबाडत होती. इंद्रायणीबाई गर्दी फाडत पुढे घुसल्या, "बाजूला व्हा! मरतेय ती!" मी जीप आणली. आम्ही तिला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लागला. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर गेली असती.

तुकाबाई संध्याकाळपर्यंत कॉटच्या पायथ्याशी बसून होती. इंद्रायणीबाईंनी तिला एकच विचारलं, "तुकाबाई, महाराजांनी शंख वाजवलाच नाही तर काय होतं, हे कुणी कधी बघितलंय का?"



आभाळ निवळल्यावर सकाळी पुन्हा गर्दी जमली. रोहिणीचं पाप निघून गेलं, आता धूर पळेल, असं महाराज सांगत होते. तुकाबाई टेकाडावर चढली. पाया पडायला आली असं वाटून महाराजांनी पाय पुढे केला. तिनं शंख उचलला आणि पदराखाली धरला.

"आज वाजवायचा न्हाई, बाबा."

"ए म्हातारे! हडळ गाव गिळंल!"

"गिळू दे. माझ्या सुनेला गिळतच व्हती की."

"आणा तो शंख!" खालून गेणभाऊ ओरडले. पण पुढे कोणी सरेना. सगळ्यांनाच बघायचं होतं. ऊन चढलं. चिंचेचा शेंडा हलला. धूर आधी ढवळला, मग फाटला, आणि रोजच्यासारखा वर निघून गेला. शंख पदराखालीच होता.

कुणीतरी हसलं. इंद्रायणीबाई बोलल्या, "थंडीच्या रात्री जमीन गारठते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते. वर उबदार हवेचं झाकण बसतं. भट्टीचा धूर त्याखाली कोंडतो. उन्हानं जमीन तापली की झाकण उघडतं. ढग असले की उघडत नाही. यात हडळ नाही आणि महाराजही नाही. हा धूर हडळीचा ठरणं कुणाच्या सोयीचं होतं, ते महाराज कुणाच्या मळ्यात उतरलेत त्यावरून ओळखा."

सगळ्यांची तोंडं गेणभाऊंकडे वळली. ते मोटारसायकलला किक मारत राहिले. महाराज मळ्यातून पसार व्हायच्या बेतात होते, पण जानकूच पोलिसांना घेऊन आला. बायकोला धुनीकडे ढकलणारे हात त्यानं जबाबात लपवले नाहीत. भट्ट्या लगेच हटल्या नाहीत. बायकांनी तहसीलदाराच्या दारात ठाण मांडलं, तेव्हा टायर जळायचे थांबले. रोहिणी पुन्हा पंप वापरते, यंत्र चालवते. जिना चढताना मात्र तिला अजून मध्येच थांबावं लागतं.

असे महाराज पुन्हा येतील, दुसरी दाढी लावून, दुसरं भूत घेऊन. त्यांच्याशी वाद घालायला फार शिक्षण लागत नाही. चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, यानं काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं माणूस त्याच्या हाती देऊ नका.