गाळलेलं नाव

“सह्या सातजणींच्या, अन् बदल्या सहाजणींच्या. तुमचीच कामून न्हाई आली, कुसुमताई?”

बरोबरच्या मास्तरीण राजूबाईनं शाळेच्या पायरीवरच गाठून विचारलं. तिच्या हातात आदिलाबादच्या बदलीचा हुकूम होता, घरी आंधळी सासू.

साल पंचावन्न. हैदराबाद राज्य मोडणार, हे दिसत होतं. आपला तालुका महाराष्ट्रात जावा, अशा अर्जावर सात मास्तरणींनी सह्या केल्या. पण सरकारी नोकरांना अशा सह्यांची मनाई, म्हणून भिऊन तो कुणी पाठवलाच नाही. कुसुमताईंच्या ट्रंकेत तो लुगड्यांखाली पडून होता. मग नावं बाहेर गेली कशी?

घरी येऊन त्यांनी ट्रंक उघडली. कागद जागेवर होता, पण घडी उलटी होती.

नवरा मुकुंदराव शिक्षण खात्याच्या कचेरीत साहेबांच्या हाताखाली कारकून. महिनाभर ते बायकोच्या नजरेला नजर देत नव्हते. पानावर बसल्यावर कुसुमताईंनी विचारलं, “माझी ट्रंक कुणी उघडली?”

“कचेरीतलं घरात विचारायचं न्हाई, म्हणून सांगितलंय ना?”

“ट्रंक कचेरीतली न्हाई.”

मुकुंदरावांचा घास हातातच राहिला. “अर्ज आपल्या घरात हाय, अशी साहेबांकडं कुणीतरी चुगली केली होती. म्हणाले, नावं आण, न्हाईतर तू घरी अन् बायको तुरुंगात. काय करणार होतो मी?”

“अन् माझं नाव?”

“तेवढं गाळलं.” एखादा दागिना घडवून आणल्यासारखं ते म्हणाले. “तुझ्यासाठीच केलं, कुसुम.”

“सहा घरांच्या अन्नात माती कालवलीत, अन् माझं ताट तेवढं झाकून ठेवलंत. आता गाव मला चुगलखोर म्हणायलंय, त्याचं काय?”

मुकुंदराव पानावरून उठले. त्या दिवशी दोघंही उपाशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कुसुमताई कचेरीत गेल्या. अर्ज घ्यायचं काम मुकुंदरावांकडेच होतं. बाजूला साहेब उभे होते. कुसुमताईंनी कागद टेबलावर ठेवला: ‘त्या अर्जावर सातवी सही माझी आहे. इतरांना दिलेली शिक्षा मलाही व्हावी.’

मुकुंदरावांनी तो वाचला, पुन्हा वाचला. साहेब बघत होते. नवऱ्यानं मान खाली घालून वहीत रकाना आखला आणि कुणाही परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, “नाव?”

“कुसुम.”

“नवऱ्याचं नाव?”

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. नाव घेण्याचा आग्रह झाला, की कुसुमताई लाजून पदर तोंडाला लावत. चारचौघांत त्यांनी ते कधीच उच्चारलं नव्हतं.

“मुकुंद,” त्या म्हणाल्या.

टाक थबकला. मग सावकाश चालला. मुकुंदरावांनी पोच फाडून पुढे केली. कुसुमताईंनी ती वाचली, घडी घालून कमरेला खोचली आणि ‘येते’ न म्हणता पायऱ्या उतरल्या.