मुंजाबाचा वाडा

माझ्या धाकट्या भावाला, मुंजाबाला, बेकायदा बांधकामाची नोटीस आली. ज्या माणसाने आयुष्यात धड पक्कं घर बांधलं नाही, त्याने म्हणे अजिंठ्याजवळच्या गायरानात वाडा बांधला!

नोटीस घेऊन तो थेट शहरात, गारखेड्याला माझ्याकडे आला. "आक्का, वाडा पाडा नाय तर जेसीबी आणू म्हणत्यात. अन् गायरानात चराई बंद. मेंढरं घेऊन मी जाऊ कुठं?"

आम्ही धनगर. आमच्यात वाडा म्हणजे एका जागी बसवलेला मेंढरांचा कळप, भोवतीची जाळी आणि घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड. आज इथं बसतो, उद्या तिथं. माझ्या लहानपणी सिल्लोडच्या वाटेवर शेतकरी माझ्या बापाला अडवून म्हणायचे, "औंदा वाडा आमच्या रानात बसवा." लेंडीखत मिळायचं ना! ज्वारी द्यायचे, पोरांच्या हातावर गूळ ठेवायचे. तेव्हा आभाळात एखादी चांदणी चालताना दिसली की बाप म्हणायचा, "कुणीतरी कंदील घेऊन निघालंय." तो कंदील म्हणजे उपग्रह, हे पुढे कळलं; त्याने एक दिवस आमच्यावरच जागा चोरल्याचा आळ घ्यावा?

नात योगिनीला घेऊन आम्ही कचेरीत गेलो. तिथल्या तरुण साहेबाने संगणकावर फोटो उघडला.

"हा उपग्रहाचा फोटो. गेल्या वर्षी जागा मोकळी होती. यंदा हा पांढरा चौकोन. स्लॅब आहे."

"जागेवर जाऊन बघितलं कुणी?" योगिनीने विचारलं.

"गावात फोन लावला होता ना. तिथं काय आहे विचारलं, तर जो तो म्हणाला, मुंजाबाचा वाडा."

मुंजाबाला हसू आवरेना. "व्हय, वाडा माझाच हाय. पण साहेब, माझा वाडा पाला खातो! उन्हं तापली की मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहत्यात. वरून तुम्हाला स्लॅब दिसला व्हय? लई भारी!"

साहेबही हसला. मला वाटलं, मिटलं.

"मग सोपं आहे की, बाबा. बांधकाम स्वखुशीने काढलं, एवढी सही करा. प्रकरण बंद."

"अन् चराई?"

"ज्याच्या नावावर अतिक्रमण निघालं त्याला चराईची परवानगी देता येत नाही."

"मग अतिक्रमण नव्हतंच असं लिहा," योगिनी म्हणाली.

"मॅडम, तसा पर्यायच नाही इथं. 'काढलं' किंवा 'काढलं नाही'. दोनच आहेत."

मुंजाबा थकला होता. त्याने पेन उचललं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठेव ते पेन! बांधलंच नाय तर काढलं कसं?" मी साहेबाकडे वळले. "लेकरा, आभाळात यंत्र चढवलंत, त्याचं मला कौतुक हाय. पाऊस कधी येणार ते ही पोरगी त्याच्यावरच बघून सांगती. पण खाली बघायला एक माणूस मिळू नये? अजिंठ्याला यष्टी जाती. तिकीट मी काढते, चल!"

"आजी, माझ्या हातात काही नाही," तो म्हणाला आणि त्याने फोटो मिटला.

पुढच्या आठवड्यात खरोखरच जेसीबी आला. त्याच्या घरघरीने मेंढरं बुजली आणि उठून ओढ्याकडे निघाली. ड्रायव्हर खाली उतरला. "पाडायचं काय, मामा?"

"ते काय, चाललंय बघ," मुंजाबा म्हणाला.

सोबतच्या कारकुनाने मोकळ्या जागेचा फोटो काढला, मोबाइलवर 'काढलं' दाबलं आणि चहा पिऊन तो निघून गेला. सही लागलीच नाही. आमचा भाऊ अतिक्रमणवाला ठरला, चराई बंद झाली आणि म्हणे काम फत्ते!

दिवेलागणीला मुंजाबाचा फोन आला. मागून मेंढरांचा आवाज येत होता.

"आक्का, तिथंच बसवलाय वाडा. चुकलं का माझं?"

"नाय चुकलं. हलू नकोस. मी येते."

मुलगा रागावला, सून घुटमळली, योगिनीने माझी पिशवी भरली. आता मी इथं, जाळीच्या कडेला बसून आहे. पुढच्या फोटोत पांढऱ्या चौकोनाशेजारी एक लाल ठिपका दिसेल. ते माझं लुगडं आहे. कुणीतरी खाली येऊन या मेंढरांना हात लावून बघेपर्यंत ते इथून उठायचं नाही.