फुगलेला आकडा

मी पिवळ्या टोपणाची, बोटभर लांबीची रक्ताची नळी बोलतेय. लॅबमधल्या फेकायच्या ट्रेमध्ये पडलेय, आणि खरं सांगते, शरमेने जीव नकोसा झालाय.

माझा जन्म कारखान्यातला. आम्हा नळ्यांचं नशीब एकदाच उघडतं. माझ्या वाट्याला आली एक सहा महिन्यांची गरोदर सून. तळघरातल्या शिलाईच्या दुकानात दिवस काढणारी, ऊन कसं असतं ते विसरलेली. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, म्हणून डॉक्टरांनी तिचं ड जीवनसत्त्व मोजायला सांगितलं होतं.

"केसांच्या, नखांच्या कसल्या गोळ्या चालू आहेत का?" सुई हातात घेत लॅबवाल्या ताईंनी विचारलं. "त्यांनी आमच्या यंत्रात आकडा उगाच फुगतो."

सून तोंड उघडणार, तोच सोबत आलेल्या सासूबाई हसल्या. "अहो, हिला कशाला लागतात गोळ्या? वेणी बघा की! अख्ख्या नात्यात अशी सून नाही कुणाची!"

"नाही, काही नाही," सून पुटपुटली.

आणि इकडे त्याच गोळ्या रक्तातून माझ्या पोटात उतरत होत्या! ओरडून सांगावंसं वाटलं, पण नळीला कुठलं तोंड? मला गरगर फिरवलं, वरचं पिवळसर पाणी तपासलं. आकडा आला एकदम झकास. "डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या नकोत," असं सासूबाई मुद्दाम येऊन ताईंना ऐकवून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सकाळी दोघी परत आल्या. सुनेने एकदम वेणीला हात घातला आणि ती ओढूनच काढली. हातात गंगावन, डोक्यावर मूठभर केस!

"ताई, मी केसांच्या गोळ्या खाते. रोज, लपून. माझ्या लाजेपायी बाळाची हाडं कच्ची राहायला नकोत."

आता भडका उडणार, असं मला वाटलं. पण सासूबाई खुर्चीत मटकन बसल्या. "वेणीचं कौतुक मीच गावभर करत सुटले गं," त्या म्हणाल्या. "तू बोलणार तरी कशी?" मग त्या तोंड लपवून रडल्या.

ताईंनी डॉक्टरांना फोन लावला. केसांच्या गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. माझ्यावरच्या चिठ्ठीवर ताईंनी काट मारली, ते बरंच झालं.

येते मी. बायांनो, विचारलं तर सांगून टाकत जा. माझ्या जागी येणारी नळी अजून कोरी आहे. तिच्यात तेवढं खरं भरा.