अठरा चादरींचा भूकंप

जागा फुकट जाऊ द्यायची नाही, हा लाँड्रीत वहिनीचा कायदा होता. इस्त्रीच्या टेबलामागे हँगरांच्या जुड्या, दारामागच्या फटीत पिशव्यांच्या घड्या. अशा काटेकोर संसारात मागच्या भिंतीजवळचा एक अख्खा कोपरा तिच्या नणंदेने अडवून ठेवला होता. आणि तिथे होतं काय, तर स्प्रिंगला टांगलेलं एक वजन, वजनाला जोडलेलं पेन आणि पेनाखालून संथपणे सरकणारा कागद.

नणंद संध्याकाळी भूकंपाच्या वर्गाला जायची. बायका शिवण शिकतात, केक शिकतात. आमच्या ताईंनी भूकंप घेतला, असं वहिनी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची की कुचकेपणाने, ते गिऱ्हाइकांनी आपापल्या बुद्धीने ठरवावं. वर्गावरच्या सरांना सगळे मागून हादरेमास्तर म्हणत. त्यांची अट सोपी होती : आपल्या यंत्रावर एक तरी भूकंप पकडायचा आणि तो किती लांब झाला ते सांगायचं. त्याशिवाय पास नाही. वर्गातल्या बाकीच्यांच्या पदरात एकेक पडला होता. हिचं घर लिफ्टशेजारी, म्हणून यंत्र लाँड्रीच्या पक्क्या जमिनीवर आणलं, तर इथे दिवसभर धुण्याचे ड्रम. कागदावर भूकंप म्हणून जे जे उमटलं, ते चौकशीअंती कुणाचं तरी ब्लँकेट निघालं.

शनिवारी वर्ग संपणार होता आणि शनिवारीच त्या कोपऱ्यात नवा ड्रायर येणार होता. वहिनीने दोन्हींची सांगड मोठ्या समाधानाने घातली होती.

पण दोन महिन्यांत नणंदेला एक विद्या मात्र चढली होती. कागद पाहून ती सांगायची, हा एक नंबरचा ड्रम, हा रस्त्यावरचा टँकर, ही वहिनी चिडून चाललेली. तीन नंबरचा ड्रम लबाड होता; आधी हळू डुलायचा, मग आवाज वाढवायचा आणि जड कपडे एका बाजूला गोळा झाले की जागेवरून चालू लागायचा. त्यावर वहिनीचा उपाय ठरलेला : जमीन थरथरली की आधी मेन स्विच पाडायचा, विचारपूस नंतर.

शुक्रवारी भर दुपारी नणंद चादरींच्या घड्या घालत होती. पायाखाली खालून-वर असा एक ठोसा आला. तिने कागदाकडे पाहिलं. पेन उडालं होतं. आधी डुलणं नाही, वाढत जाणं नाही. सरळ रेघ आणि एकदम काटेच काटे. तीन नंबरने असं अक्षर कधी काढलं नव्हतं.

हा भूकंपच. पहिली लाट. पहिली नुसती वर्दी देते. जमिनीला आडवं हलवणारी दुसरी मागून येते, आणि भूकंप जितका लांब तितकी उशिरा. मधल्या दर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर. आता फक्त मोजायचं. तिने घड्या घालताना लागलेल्या सवयीने सुरुवात केली, "एक चादर, दोन चादर—" सेकंदाला एक, हा ताल तिने घड्याळ लावून पक्का केला होता.

तीन चादरींवर वहिनीने मेन स्विच पाडला.

ड्रम गुरगुरत थांबले, आणि त्याच तारेवरचं यंत्रही. कागद जागेवर थिजला. दोन महिन्यांची वाट पाहून आलेला पाहुणा आणि त्याच्या तोंडावर दार.

ओरडायला वेळ नव्हता, चादरी चुकल्या असत्या. नणंदेने मोजत मोजतच वहिनीचा दंड धरला आणि तिला इस्त्रीच्या जाड टेबलाखाली खेचलं. वहिनी विचारत होती, अहो ताई, तीन नंबरच आहे ना? नणंद उत्तरादाखल म्हणाली, "अकरा चादर."

सगळं शांत झालं. वहिनीची नजर तिला वेड लागल्याच्या निदानापर्यंत पोचली होती.

"सतरा चादर. अठरा—"

आणि छताखालच्या दांडीवरचे सगळे हँगर एकाच वेळी डावीकडे गेले. मग उजवीकडे. कोट, साड्या, कुणाचा तरी लग्नाचा सूट, सगळे मिळून झुलत होते आणि तारांची किणकिण खोलीभर फिरत होती. कलफाची बरणी फळीवरून आली ती वहिनी क्षणापूर्वी उभी होती बरोबर तिथे फुटली.

"आली," नणंद म्हणाली. तिचा आवाज आनंदाने कापत होता, आणि अशा वेळी आनंद होतो याची तिला थोडी लाजही वाटत होती. "वहिनी, दुसरी आली. अठरा चादरी. एकशे चव्वेचाळीस किलोमीटर."

वहिनी फुटक्या बरणीकडे पाहत राहिली. बराच वेळ तिने नफ्यातोट्याचं काहीच काढलं नाही, यावरून तिची अवस्था ओळखावी.

संध्याकाळी रेडिओने सांगितलं, दीडशे किलोमीटरवर, ओसाड डोंगरात, माणसं सुखरूप.

शनिवारी हादरेमास्तरांनी कागद हातात घेतला. पहिली लाट ठसठशीत होती, पुढे काहीच नाही. दुसरी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. नणंदेने तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून वहिनी उठली. दुकान बंद ठेवून ती आली होती.

"दुसरी हँगरांवर आहे, सर. स्विच मी पाडला. पण मोजताना ताईंची एकही चादर चुकली नाही, मी टेबलाखाली होते."

सरांनी चादर म्हणजे किती ते विचारलं. नणंदेने त्यांच्या घड्याळासमोर वीस चादरी मोजून दाखवल्या. घड्याळाने वीसच सेकंद दाखवले. सर कागदाची घडी करता करता थांबले, तो परत उलगडला आणि त्यावर 'पास' लिहून खाली पुस्ती जोडली : यंत्राला वेगळी तार घ्यावी.

ती तार वहिनीने सोमवारीच ओढून घेतली. ड्रायर दाराजवळ बसला, गिऱ्हाइकांच्या बाकाच्या जागी. उभं राहिलं की माणसं लवकर जातात, हा फायदा तिने स्वतःहून शोधला. आणि आता तीन नंबर थडथडला की वहिनीचा हात स्विचकडे वळतो खरा, पण आधी ती टेबलाखाली शिरते आणि पुटपुटू लागते, एक चादर, दोन चादर.