एच शून्य आहे की नाही

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. माझ्या वयाचे फळे म्हणे शेवटी सगळ्यांना माफ करतात आणि मुलांना चार गोड शब्द सांगून गप्प होतात. मला ते जमलेलं नाही. माझी गोष्ट सूड घेण्याची आहे, आणि तो घेतला गेला तेव्हा मला झालेल्या आनंदाचीही आहे.

कार्पेथियन डोंगरातल्या बीच नावाच्या झाडाच्या लाकडापासून मला बनवलं. सुताराने माझे सांधे सरसाने असे पक्के बसवले की त्यांतून सुई जाऊ नये. सिरेत नदीकाठच्या एका छोट्या शहरातल्या हायस्कूलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या वर्गात मला भिंतीवर चढवलं. समोरच्या खिडकीतून साखर कारखान्याचं धुराडं दिसायचं. सुरुवातीला माझे फार लाड झाले. पाळीवरची मुलं ओल्या स्पंजाने मला पुसून काढत आणि मी नुकत्याच धुतलेल्या घोड्यासारखा चमकत असे. खडूचं अक्षर माझ्यावर जसं उठतं तसं दुसऱ्या कुठल्या वर्गात उठत नाही, असं शिक्षक एकमेकांना सांगत.

मग व्हालेरियान तोदिराश सर आले.

त्यांचा हात सुरेख होता, हे मी नाकारणार नाही. कंपास न लावता ते वर्तुळ काढत आणि ते बरोबर मिटत असे. पण त्यांची वाणी विषारी होती. संध्याकाळी जी मुलं त्यांच्या घरी शिकवणीला जात, त्यांना ते लाडाच्या नावाने हाक मारत. बाकीच्यांना आडनावाने. अकरावीला विकलन शिकवताना ते पाढे म्हटल्यासारखं म्हणत, "घात पुढे घ्या, घातातून एक कमी करा, पुढचं उदाहरण." का घ्यायचा, का कमी करायचा, हे सांगण्याच्या फंदात ते पडत नसत.

त्या वर्गात झेनोविया हुर्मूझ नावाची मुलगी होती. तिची आई बेकरीत कामाला होती, त्यामुळे शिकवणीचा प्रश्नच नव्हता. एका सकाळी सरांनी माझ्यावर एक वक्ररेषा काढली आणि तिच्यावरच्या एका बिंदूपाशी चढ किती, ते काढून दाखवलं. शेजारी एच अंतरावर दुसरा बिंदू घेतला, दोन्ही बिंदूंमधल्या उंचीच्या फरकाला एचने भागलं, आणि अगदी शेवटी एचच्या जागी शून्य ठेवलं. झेनोवियाने हात वर केला.

"सर, आपण एचने भागलं, म्हणजे तेव्हा एच शून्य नव्हता. मग शेवटी तो शून्य कसा झाला? एच शून्य आहे की नाही?"

मित्रांनो, सरांचा हात माझ्यावर टेकलेला होता. तो थंड पडला. त्या घटकेला मला कळलं की यांना उत्तर येत नाही. इतकी वर्षं शिकवूनही येत नाही.

त्यांनी वर्गाकडे वळून हसून घेतलं. म्हणाले, "हुर्मूझ, आईला विचार. पावाच्या पिठात शून्य किती पडतं ते तिला ठाऊक असेल." वर्ग हसला. शिकवणीची मुलं जरा जास्तच मोठ्याने हसली. तरीही तिने हात खाली घेतला नाही, तेव्हा सरांनी हातातला मोठा लाकडी कंपास माझ्यावर फेकला. त्याचं लोखंडी टोक माझ्या छातीत रुतलं. त्याची खोक माझ्या अंगावर अजून आहे.

त्यानंतर आठवडाभर तिने रोज तास सुरू होताना माझ्यावर वरपासून खालपर्यंत लिहायचं होतं : मी मूर्ख प्रश्न विचारणार नाही. तिने लिहिलं. रडली मात्र नाही. तिची आई रविवारच्या कपड्यांत, घरी भाजलेला गोड पाव रुमालात बांधून सरांना भेटायला आली. सरांनी तिला दारातच उभं ठेवलं आणि उत्तरपत्रिका तपासत राहिले. शेवटी मान वर न करता म्हणाले की मुलीला बेकरीतच घाला, तिथे हुशारी लागत नाही. वर्षअखेर तिला दहापैकी चार मिळाले. पास व्हायला पाच लागतात. उन्हाळ्यानंतरच्या फेरपरीक्षेतही सरांनी तिला चारच दिले आणि ती त्याच इयत्तेत पुन्हा बसली. तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या. मी मनात म्हटलं, सर, मी इथेच आहे. मला घाई नाही.

झेनोविया पुढे शिकायला याश शहरात गेली. तिथे एका म्हाताऱ्या प्राध्यापक बाईंना तिने तोच प्रश्न विचारला. बाईंनी हातातलं प्रकरण बाजूला ठेवलं आणि तेवढ्या एका प्रश्नावर पूर्ण तास घालवला, असं तिने नंतर माझ्यासमोर आपल्या वर्गाला सांगितलं. होय, आपल्या वर्गाला. कारण ती याच शाळेत, याच वर्गावर शिक्षिका होऊन आली.

तोदिराश सर तेव्हा निवृत्तीला आले होते. स्वागताला म्हणून वर्गात डोकावले आणि प्रेमाने म्हणाले, "हुर्मूझ बाई, म्हणजे तुम्ही आमच्याच शाळेच्या? मला कसं आठवत नाही?"

ती म्हणाली, "तुमच्या हाताखालून किती मुलं गेली, सर. कुठवर आठवाल."

ते गेल्यावर तिने माझ्या छातीवरची ती खोक बोटाने चाचपली. त्यांनी तिला ओळखून दोन वाईट शब्द ऐकवले असते, तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण ते साफ विसरले होते. हे तिला सहन झालं नाही, आणि मलाही नाही.

ती उत्तम शिकवत असे. पोरं बेधडक प्रश्न विचारत आणि ती प्रत्येकाला उत्तर देई. अशात काही वर्षं गेली आणि तिच्या अकरावीत लेओंतिन आला. तोदिराश सरांच्या मुलीचा मुलगा. शांत, बुजरा, बेताचा हुशार. आजोबांचा त्याच्यावर जीव. वर्षअखेरीला त्याचा पेपर तिने माझ्यासमोरच्या टेबलावर तपासला. पाच देता आले असते. मित्रांनो, मला गणित कळतं, पाच नक्की देता आले असते. तिने चार दिले. मी खूश झालो.

फेरपरीक्षेच्या दिवशी सकाळी तोदिराश सर आले. टोपी हातात, कपड्यांना इस्त्री. लेओंतिन आणि आणखी दोन मुलं बाकांवर बसली होती. सर दारात थांबले आणि बाईंशी बाहेर दोन मिनिटं बोलायचं आहे म्हणाले.

ती उठली नाही. "आत या ना, सर. मुलांसमोरच बोला."

ते आत आले. हळू आवाजात म्हणाले, पोर कष्टाळू आहे, वर्ष वाया गेलं तर खचेल, एवढ्या वेळेस सांभाळून घ्या.

"घेईन. त्याआधी माझी एक शंका आहे, तेवढी सोडवा." तिने खडू पुढे केला. "वक्ररेषेचा चढ काढताना आपण एचने भागतो, आणि शेवटी एच शून्य ठेवतो. तर एच शून्य आहे की नाही?"

तेव्हा त्यांना सगळं आठवलं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या छातीवरच्या खोकेकडे. मग खडू घेतला. नियम लिहिला, गुणोत्तर लिहिलं, बरोबरीचं चिन्ह काढलं आणि तिथेच थांबले. खडू माझ्यावर तसाच टेकलेला राहिला. त्याचं ते अडकणं मी माझ्या अंगावर मोजलं आणि ते मला गोड लागलं.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"मोठ्याने, सर. मागे ऐकू गेलं नसेल."

"मला येत नाही. तेव्हाही येत नव्हतं."

ती म्हणाली, "बसा आता."

ते नातवाशेजारी नाही, लांब शेवटच्या बाकावर जाऊन बसले. लेओंतिन उठला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने स्पंज भिजवला आणि आजोबांचं अक्षर सावकाश पुसलं, कोपऱ्यांतलंही. मग खडू घेऊन लिहीत लिहीत सांगितलं की एच शून्य होतच नाही, आपण त्याला शून्याच्या हवं तितकं जवळ नेतो, आणि ते गुणोत्तर ज्या संख्येच्या हवं तितकं जवळ जातं, ती संख्या म्हणजे उत्तर. त्या संख्येलाच सीमा म्हणतात. एक शब्द चुकला नाही.

खडू ठेवून तो म्हणाला, "बाई, तुम्हीच शिकवलं होतं हे. तो प्रश्न तुम्ही मला विचारायला हवा होता. त्यांना कशाला?"

प्रश्नाला उत्तर न देताना तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने त्याला नऊ गुण दिले. तो आजोबांचा हात धरून त्यांना जिन्यावरून खाली घेऊन गेला.

बारावीत लेओंतिन वर्षभर तिच्यासमोर बसला, पण त्याने हात वर केला नाही. हळूहळू बाकीच्यांनीही करणं सोडलं. ती विचारायची, "काही शंका?" आणि वर्ग वह्यांत बघायचा. तोदिराश सर त्याच हिवाळ्यात वारले. ती अंत्यविधीला गेली, तेव्हा म्हणे लोकांनी तिला वाट दिली, जागा मात्र कुणी दिली नाही.

आता मी शाळेच्या तळघरात आहे, कोळशाच्या ढिगाला टेकलेला. वर पांढरा फळा लागला आहे. माझे सांधे ओलीने सुटू लागले आहेत. मित्रांनो, फळा नेहमी ओल्या स्पंजाने पुसावा, त्याच्यावर टोकदार काही मारू नये, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही असं पहिल्याच दिवशी म्हणावं. त्याने कुणी मरत नाही.

राहिलं माझं. तोदिराश सरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण लेओंतिनने स्पंज किती हलक्या हाताने फिरवला होता, ते काही केल्या अंगावरून जात नाही.